नगरच्या किल्ल्यातले विशीतले महाराज

कोल्हापूरच्या गादीवरचे लागोपाठ दोन छत्रपती ऐन विशीत गेले, आणि दोघांनाही मरण आलं ते पंचगंगेपासून लांब. राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत, फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचा अर्धपुतळा आणि त्यावरची छत्री आजही उभी आहे; तिकडं गेलेला कोल्हापूरकर वाट वाकडी करून तिथं जातो, फोटो काढतो. त्यांच्यामागं १८७१ मध्ये दत्तक आलेलं आठ वर्षांचं पोर म्हणजे शिवाजी महाराज. कोल्हापुरात त्यांना चौथे शिवाजी म्हणतात. जन्म ५ एप्रिल १८६३. मृत्यू २५ डिसेंबर १८८३, अहमदनगरच्या किल्ल्यात. सरकारनं त्यांना वेडं ठरवून तिथं ठेवलं होतं. देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात ते गेले. त्यांच्या नावानं वाट वाकडी करणारे फार भेटत नाहीत.

शाळेच्या पुस्तकात हे महाराज येतात ते ‘कोल्हापूर प्रकरण’ या नावाखाली. टिळक आणि आगरकरांना पहिला तुरुंगवास का झाला, याचं उत्तर म्हणून. उत्तर लिहून झालं की महाराजांचं काम संपतं. खरं तर राजर्षी शाहूंचे ते दत्तकपिता. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचा यशवंत मांडीवर घेतला आणि तो शाहू झाला. २६ जूनला शाहू जयंतीला आख्खं शहर रस्त्यावर उतरतं, पण त्या दिवशीही या वडिलांचं नाव कुणी काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

शिवाजी पेठेतल्या एका घरात मात्र यांच्यावरून मामा-भाचीत वाद पेटलेला असतो. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. येत्या २५ डिसेंबरला पेठेतल्या मुलांपुढं ते महाराजांवर बोलणार आहेत. भाची मनोरुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करते, रत्नागिरीकडं असते, सुट्टीला आजोळी येते. मी त्या घरचा जुना स्नेही. त्या दिवशीचं बोलणं शक्य तितकं जसंच्या तसं देतो. माझा कल कुठं आहे ते वाचणाऱ्याला कळेलच. लपवायचं कारण नाही.

मामा : मी पोरांना सरळ सांगणार. महाराज वेडे नव्हते. त्यांना वेडं ठरवलं. यात दोन मतं कशाला पाहिजेत?

भाची : आणि असले आजारी, तर? तर काय सांगाल?

मामा : काय बोलायलीस तू! जरा तो काळ बघ. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून ओढलं. रेसिडेंट फेयरला विष घातल्याचा आरोप. चौकशी समितीत तीन इंग्रज, तीन हिंदी. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी म्हणाले नाही. मग गैरकारभार झाला म्हणून काढलं. सातारची गादी तर त्याआधीच, १८४८ मध्ये, दत्तक नामंजूर करून गिळली होती. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एकेक गादी चाललेली. आणि आता कोल्हापूरची. थोरल्या महाराजांच्या रक्ताची, ताराराणीची. तिथला तरणाबांड राजा वयात येतो, कारभार हातात द्यायची वेळ येते, आणि नेमकं तेव्हाच सरकार म्हणतं, याचं डोकं ठिकाणावर नाही. संशय नाही येणार?

भाची : येणारच. मलाही आला असता.

मामा : मग? केसरी आणि मराठा १८८१ च्या जानेवारीत निघाले. वर्षाच्या आत त्यांनी ह्या प्रकरणाला हात घातला. तीन-चार विशीतले पोरगे पुण्यात बसून कोल्हापूरच्या विशीतल्या राजासाठी लढले. टिळक पंचविशीचे, आगरकरही तेवढेच. दिवाण बर्वे आणि गोरे अधिकारी मिळून महाराजांचा छळ करतात, त्यांना वेडं करायला निघालेत, असं लिहिलं. कुणाची छाती होती तेव्हा?

भाची : आणि छापलेली पत्रं?

मामा : पत्रं खोटी निघाली. मी लपवत नाही. दिवाण महादेव वासुदेव बर्व्यांच्या नावावरची पत्रं बनावट होती, त्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि जिंकली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली तरी १७ जुलै १८८२ ला चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस. खटल्याच्या वेळी दहा हजारांचा जामीन कुणी दिला माहितीय? रामशेठ उरवण्यांनी, जोतिबा फुल्यांच्या शब्दावर. फुले कुठं, टिळक कुठं. पण कोल्हापूरच्या राजासाठी एक झाले. पत्रं खोटी म्हणून छळ खोटा ठरत नाही, पोरी.

भाची : तसाच छळ खरा म्हणून आजार खोटा ठरत नाही, मामा.

इथं मामा थोडे थबकले. मला मध्येच आगरकर आठवले. डोंगरीच्या त्या कोठडीत त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं भाषांतर हाती घेतलं, आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ नावानं बाहेर आलं. ज्याचं वेड खरं की पांघरलेलं हे सगळ्या दरबाराला कळत नाही, अशा राजपुत्राचं नाटक. त्याच वर्षाच्या अखेरीस इकडचा राजपुत्र किल्ल्यात मेला. आगरकरांनी ते नाटक का निवडलं याचं कारण मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण तुरुंगातल्या त्या संपादकाच्या मनात कोल्हापूरचे महाराज येत नसतील, असं मला वाटत नाही.

मामा : तू महाराजांना आजारी म्हणतेस. पुरावा काय? सरकारी डॉक्टरांचा कागद! ज्यांचा फायदा, त्यांचाच दाखला. पुढं १८८२ मध्ये राज्यकारभाराला रिजन्सी आली, कागलचे आबासाहेब घाटगे रिजंट झाले. आबासाहेबांवर माझा रोख नाही, शाहू महाराजांचे ते जन्मदाते. पण सरकारला काय पाहिजे होतं ते मिळालं ना? राजा गादीवर नावाला, सत्ता दुसरीकडं.

भाची : मी महाराजांचं निदान करत नाही. एकशे चाळीस वर्षांनी ते कुणालाच करता येणार नाही. मी एवढंच म्हणते की तुम्हालाही करता येणार नाही. ‘वेडे नव्हते’ हेसुद्धा निदानच आहे. आमच्याकडं येणारी कितीतरी पोरं सतरा-अठरा, वीस-बावीस वर्षांची असतात. स्किझोफ्रेनियासारखे आजार पुरुषांत बहुधा याच वयात डोकं वर काढतात. आणि ज्या पोराला आठव्या वर्षी घरातून उचलून गादीवर बसवलं, ज्याच्याभोवती सगळे मुजरे करणारे किंवा हुकूम सोडणारे, बरोबरीचं कुणी नाही, त्याच्या मनावर ताण आला नसेल? छळानं आजार बळावतो, मामा. तुमचा छळ आणि माझा आजार एकाच माणसात नांदू शकतात.

मामा : शाहू महाराजांना राजकोटला शिकायला पाठवलं तेव्हा सख्खा भाऊ बापूसाहेब सोबत होता. तो शहाणपणा सरकारला नंतर सुचला.

भाची : बघा, तुम्हीच माझा मुद्दा सांगितलात.

मामा : तुझा नाही. मी सरकारची चूक सांगितली. आणि तुला युरोपातलं उदाहरण देतो. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग. आपल्या महाराजांनंतर अडीच वर्षांत, जून १८८६ मध्ये. चार डॉक्टरांनी त्याला न तपासता वेडा ठरवला. गादीवरून काढला आणि तीन दिवसांत तो तळ्यात मेलेला सापडला, सोबत तो दाखला देणारा डॉक्टर गुडेनही. एक राजा जर्मनीत, एक नगरला, पद्धत तीच. नको असलेल्या राजाला वेडा म्हणायचं. इतिहासाला हे हत्यार चांगलं ठाऊक आहे. म्हणून मी सावध असतो. तू ‘आजार’ म्हणालीस की सरकारच्या हातात आयतं उत्तर देतेस : बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

मामांच्या या मुद्द्यापाशी मीही अडतो. ‘हा वेडा आहे’ असं म्हणणाऱ्याच्या हातात किल्ल्या असतात तेव्हा त्याच्या म्हणण्यावर शंका घेणं हे शहाण्याचं कामच आहे. बायकांना, वारसांना, विरोधकांना असं गप्प केल्याची उदाहरणं आपल्याकडच्या वाड्यांतही असतील. भाचीलाही हे मान्य असावं, कारण तिनं त्याला उत्तर दिलं नाही. तिनं लुडविगच उचलला.

भाची : लुडविगला बव्हेरियातले लोक काय म्हणून आठवतात?

मामा : आठवतात म्हणजे? जीव लावतात. त्यानं बांधलेला नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघायला जगभरातून माणसं लोटतात. तळ्यात जिथं तो सापडला तिथं क्रूस उभा केलाय, दर जूनला तिथं जमतात.

भाची : आणि तो वेडा होता का नव्हता, यावर तिथं एकमत आहे?

मामा : नाही. अजून भांडतात.

भाची : म्हणजे भांडण न मिटताच जीव लावता येतो. आमच्याकडं तसं नाही. आमच्या महाराजांना आधी शहाणे असल्याचा दाखला पाहिजे, मग प्रेम. दाखला मिळत नाही, म्हणून कुणी नाव काढत नाही.

मामा : हे तू जरा जास्तच लावून धरलंस.

भाची : मग ग्रीनचं सांगा. पोरांना काय सांगणार आहात?

मामा : तेच तर सांगायचंय. झटापटीत प्लीहा फुटून गेले, असं सांगितलं गेलं. प्लीहा! त्या काळात गोऱ्यानं हिंदी माणसाला मारलं आणि तो मेला, की हमखास हेच कारण. हिवतापानं प्लीहा मोठी झालेली होती, लगेच फुटली, साहेबाचा काय दोष? १८७६ मध्ये आग्र्याला फुलर नावाच्या वकिलानं मोतद्दाराला मारलं, तो गेला, प्लीहाच फुटली म्हणाले, आणि दंड किती तर तीस रुपये. लॉर्ड लिटनसारख्या माणसालाही त्यावर राग आला, त्यानं कोर्टाला खडसावणारा ठराव काढला. तिथं मोतद्दार होता. इथं छत्रपती. आणि शिक्षा? ग्रीन निर्दोष.

मामांचा आवाज चढला होता. चढावाच. वर्गात शिकवताना याच जागी त्यांचा आवाज चढायचा, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

भाची : मामा, आता मी विचारते त्याचं खरं उत्तर द्या. महाराज शहाणे असते तर ग्रीननं केलं तो खून. बरोबर? आणि आजारी असते तर?

मामा : तरी खूनच.

भाची : मग ‘वेडे नव्हते’ हे सिद्ध करण्यात भाषणाचा अर्धा तास का घालवता? तो अर्धा तास पोरांना काय शिकवतो? की वेडे असते तर गोष्ट एवढी वाईट नव्हती. तुम्ही तसं म्हणत नाही, पण तुमच्या भाषणाचा रोख तसाच आहे. एका आजारी म्हटलेल्या वीस वर्षांच्या पोराला घरापासून, बायकोपासून, आपल्या भाषेच्या माणसांपासून तोडून लष्करी किल्ल्यात ठेवायचं आणि त्याच्या सेवेला नर्स नाही, वैद्य नाही, शिपाई द्यायचा! चिडला तर आवरायला बळ वापरणारा माणूस. आजारी माणसाचं हे असं करतात? आजार होता असं धरलं तर सरकारचा गुन्हा कमी होत नाही, वाढतो. शहाण्या माणसानं निदान चार शब्द सुनावले असते, कागद लिहिला असता. आजारी माणसाचं कोण ऐकतं?

मामा : तेव्हा औषधं तरी कुठं होती?

भाची : नव्हती. या आजारावरचं पहिलं खरं औषध १९५० नंतर आलं. पण माणसं होती ना? आनंदीबाई होत्या, कोल्हापूर होतं. नवा राजवाडा बांधून होत आला होता.

हा राजवाड्याचा उल्लेख माझ्या मनात घर करून राहिला. मेजर चार्ल्स मँटनं आखलेला नवा राजवाडा १८७७ मध्ये सुरू झाला आणि १८८४ मध्ये पुरा झाला, म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत पाया घातला ते किल्ल्यात गेल्यानंतर. टाऊन हॉल मँटचा, आजच्या सीपीआर दवाखान्याची इमारतही त्याचीच. आणि या मँटबद्दल असं सांगतात की शेवटी त्याचंही चित्त बिघडलं. आपण आखलेल्या इमारती कोसळणार या धास्तीनं त्याला घेरलं, आणि १८८१ मध्ये तो गेला. गोष्ट खरी असो नसो, ती सांगताना कुणाचा आवाज दबत नाही. राजवाड्याच्या भिंतींकडं बोट दाखवून लोक कौतुकानं सांगतात, मोठा कारागीर, फार हळवा. महाराजांच्या वाट्याला असं कौतुक आलं नाही.

पुढचं बोलणं घरातलं आहे. दोघांना विचारून लिहितोय. मामांचा एक धाकटा भाऊ होता. भाचीचा धाकटा मामा. चोविसाव्या वर्षी काविळीनं गेला, असं घरात सांगतात, आणि ते खरंही आहे. पण त्याआधीची चार वर्षं सांगत नाहीत. भिंतीतून कुणी बोलतं, असं तो म्हणायचा. कान झाकून जिन्याखाली बसायचा. घरानं करणी धरली. उतारे झाले, देवऋषी झाला, नरसोबाच्या वाडीच्या पौर्णिमा झाल्या.

भाची : तो मला गंगावेशीला दूध प्यायला न्यायचा. म्हशीची धार थेट पेल्यात पडायची, वर फेसाचा डोंगर. मला फेस आवडायचा नाही म्हणून तो आधी फेस स्वतः ओठांनी टिपायचा आणि मग पेला माझ्या हातात द्यायचा. त्याच्या मिशीला पांढरं लागलेलं असायचं. येताना खासबागेतल्या कुस्त्या सांगायचा, कुणी कुणाला कोणत्या डावावर चीत केलं ते करून दाखवत. रस्त्यात त्याला आवाज ऐकू आले तर तो थांबायचा, डोळे मिटायचा, माझा हात घट्ट धरायचा. सुटायचा नाही हात. मी सात-आठ वर्षांची. मला कधी भीती वाटली नाही. तुम्ही सगळे मात्र भ्यायचात.

मामा : आम्ही भ्यायचो ते त्याला नाही. लोकांना. तुझ्या मावशीचं लग्न ठरायचं होतं.

भाची : माहिती आहे. मी दोष देत नाही. पण आजही कुणी विचारलं की तुम्ही म्हणता, फार हुशार पोरगा होता, काविळीनं गेला. ती चार वर्षं तुम्ही कापून टाकता. आणि त्याच चार वर्षांत तो माझा होता, मामा. ती काढली तर माझ्याकडं त्याचं काहीच राहत नाही.

मामांनी यावर बाजू मांडली नाही. ते म्हणाले, ‘त्याला डॉक्टरकडं न्यायला पाहिजे होतं. मिरजेला नेऊ म्हणत होतो, नेलं नाही.’ एवढंच. मग त्यांनी विषय महाराजांकडं वळवला, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं. काही दुःखं सरळ बोलता येत नाहीत, इतिहासाच्या आडून बोलता येतात.

मामा : समजा तुझं ऐकलं. मी पोरांना सांगितलं, महाराज आजारी असतील किंवा नसतील. पोरं विचारतील, मग सर, आता काय? मला त्यांच्यापुढं काहीतरी ठेवावं लागतं.

भाची : माझ्याकडचा एक माणूस ठेवा. नाव सांगायचं नाही. पन्नाशीचा, पन्हाळ्याच्या बाजूचा. केव्हाच बरा झालाय. औषध घेतो, बागेत काम करतो, हिशेब चोख. संध्याकाळी एसटीचा भोंगा ऐकू आला की तो थांबे म्हणायला लागतो : हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आंबा, मलकापूर, बांबवडे, वाघबीळ. वाघबिळाला तो उतरतो. तिथून पुढं त्याचं गाव. रोज उतरतो, रोज आमच्याकडंच असतो, कारण घरचे न्यायला येत नाहीत. भावानं जमीन नावावर करून घेतलीय, आणि शेजारपाजाऱ्यांना सांगितलंय की तो गेला. कोल्हापुरात आपण पोरांना दमात घेताना काय म्हणतो? ‘रत्नागिरीला पाठवीन’, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. तिथं असली माणसं आहेत, थांबे पाठ असलेली.

मामा : हे तर तिथंही तसंच झालं की. राज्य दुसऱ्याच्या हाती आणि माणूस किल्ल्यात.

भाची : तेच म्हणते. महाराजांचं राज्य होतं, याची चार एकर. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, अठ्ठावीस माणसं जळाली. पळता आलं नाही, कारण साखळदंडानं बांधलेली होती. त्यांच्याकडं तर चार एकरही नसेल.

मामा : आणि आता कायदा?

भाची : आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, मे २०१८ पासून लागू. तुम्हाला दोन कलमं वाचून दाखवते. तिसऱ्या कलमात म्हटलंय की राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थानावरून, किंवा ज्याचा मनाच्या आजाराशी थेट संबंध नाही अशा कुठल्याही कारणावरून कुणाला मनोरुग्ण ठरवायचं नाही. ही तुमची बाजू, मामा. ही ओळ १८८२ मध्ये असती तर बर्वे आणि सरकार दोघांनाही उत्तर द्यावं लागलं असतं.

मामा : परत वाच.

तिनं परत वाचलं. मामांनी वहीत उतरवून घेतलं.

भाची : त्याच कलमात पुढं आहे : आजार आहे एवढ्यावरून माणूस ‘विकल मनाचा’ असं धरायचं नाही, तसं ठरवायचं तर सक्षम न्यायालयानं ठरवावं. आणि एकोणिसावं कलम माझं. आजारी माणसाला समाजात राहायचा हक्क आहे. घरच्यांनी झिडकारलं किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून त्याला संस्थेत ठेवून घ्यायचं नाही. पंच्याण्णवाव्या कलमात साखळीनं बांधायला बंदी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात मानसिक आजार आहे. म्हणजे महाराज आजारी होते असं धरलं, तर ते आजच्या भाषेत दिव्यांग. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक दीदींनी चाकाच्या खुर्चीतून उभं केलेलं ‘हेल्पर्स’ १९८४ पासून आहे. पाय गेलेल्या पोराकडं बघायची नजर या शहरानं त्यांच्यामुळं कितीतरी बदलली. मनाच्या आजाराकडं बघायची नजर अजून तिथंच आहे.

मामा : कायदा असून तुझा वाघबिळाचा माणूस का अडकला मग?

भाची : कागदावर तो मोकळा आहे. पण मोकळा होऊन जायचं कुठं? मधल्या मुक्कामाची घरं सरकारनं बांधायची, असं कायदाच म्हणतो. ती पुरेशी नाहीत. म्हणून म्हणते, तुमच्या समोर बसणाऱ्या पोरांत उद्याचे सरपंच आहेत, तलाठी आहेत, कुणाचे तरी भाऊ आहेत. भाऊ तर सगळेच आहेत.

मामा बराच वेळ वही चाळत होते. भाषणाची सुरुवात त्यांनी खोडली. त्यांनी लिहिलं होतं की महाराज पूर्ण शहाणे होते आणि हे शाबीत करण्यासाठीच आपण आज जमलो आहोत. ते वाक्य गेलं. नवीन काय लिहिलं ते त्यांनी वाचून दाखवलं : महाराज आजारी होते की त्यांना आजारी ठरवलं, यावर विद्वानांत वाद आहे, मी स्वतः दुसऱ्या मताचा आहे, पण दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी ते आपले छत्रपती होते आणि त्यांना कोल्हापुरात, आपल्या माणसांत राहायचा हक्क होता.

भाची : ‘मी स्वतः दुसऱ्या मताचा’ हे ठेवायलाच पाहिजे का?

मामा : ठेवणार. ते माझं मत आहे, ते मी तुझ्यासाठी सोडणार नाही. बर्व्यांना तर मी मुळीच सोडणार नाही.

भाची : मग पत्रं बनावट होती आणि बर्वे कोर्टात जिंकले, हेही सांगा.

मामा : सांगतो. आणि शेवटी तुझ्या त्या धाकट्या मामाचं सांगू का, याचा विचार करतोय. फेस टिपायचा ते. पोरांना ते कळेल.

भाची : काविळीच्या आधीची चार वर्षंही?

मामा : ती सांगितल्याशिवाय फेसाचं कसं सांगणार? पण तुझ्या मावशीला आधी विचारायला पाहिजे. तिच्या नातवाचं स्थळ बघायला लागलेत.

भाची : मी विचारते. आत्ताच फोन लावते.